राजापूरचा दुभाषी

इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्यास राजापूर बंदरात वखार घातली. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. म्हणून पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी ही वखार लुटून तेथील इंग्रजांना कैद केले. त्या नुकसानीची भरपाई मागण्यास हेन्री ऑक्झेंडन १६७४ साली रायगडावर आला, तेव्हा बोलणी करण्यासाठी त्याला नारायण शेणवी या दुभाष्याचा आधार घ्यावा लागला. दरबाराची भाषा मराठी होती, अडचण इंग्रजांची होती.

आज राजापूर तालुक्यात ही अडचण नेमकी उलटली आहे. माडबन येथे ९,९०० मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प योजला आहे. अशा प्रकल्पांच्या जनसुनावणीपूर्वी पर्यावरण अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत द्यावा, असे २००६ ची केंद्रीय अधिसूचना सांगते. सविस्तर अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो. सारांश तयार करतो तोही प्रकल्पकर्ताच! मच्छीमाराला किंवा आंबा बागायतदाराला हवा असलेला तपशील मात्र मूळ अहवालात असतो. २०२० साली या अधिसूचनेचा नवा मसुदा आला, तो केवळ इंग्रजी व हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला, तेव्हा केंद्र सरकारने त्यालाही आव्हान दिले.

न्यायालयांची स्थिती निराळी नाही. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा; कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली १९९८ मध्ये. घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल तेथील कामकाजात राज्यभाषेस परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहारमध्ये हिंदीला ती मिळाली. तमिळ, गुजराती, बंगाली व कन्नडसाठी आलेले प्रस्ताव २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले.

कायद्याची काटेकोर परिभाषा मराठीला पेलणार नाही, असे जाणकार म्हणतात. लॅटिन मिस्साविधी मराठीत आणतानाही अशीच शंका घेतली गेली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली आणि परिभाषा वापरातून रुळत गेली. इंग्रजीचा येथे दुस्वास नाही. आपल्या मिशनरी शाळांनी कितीतरी गरीब घरांना त्याच भाषेने वर आणले आहे. परंतु शिकण्यासाठी स्वेच्छेने घेतलेली भाषा वेगळी आणि स्वतःच्या जमिनीचा निकाल कळावा म्हणून दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणारी भाषा वेगळी.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच सुरू झाले. रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला, त्यामुळे राजापूरच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. त्याच्या मराठी सातबाऱ्याचे आणि खरेदीखताचे इंग्रजी भाषांतर मात्र कोल्हापुरातही जोडावे लागते, आणि त्याचा खर्च त्यालाच करावा लागतो.