टेप फक्त शेतकऱ्याच्याच शेतात का लागते?



ठिबकच्या अनुदानाला काय काय लागतं ते इथं सगळ्यांना पाठ आहे. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक. मग पूर्वसंमती, पक्कं बिल, मोका तपासणी, जिओ टॅग फोटो. काही हजारांसाठी एवढं सगळं. माझी त्याला हरकत नाही. पैसा लोकांचा आहे, मोजून दिलाच पाहिजे.

मग त्याच सरकारी पैशातून पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेला ही टेप का लागत नाही? आमच्या शिवारात एका संस्थेनं समतल चर खोदले, ओढ्यावर बंधारे घातले. काम झालंय, नाही म्हणत नाही. पण कोणत्या गटात किती मीटर चर, मशीनचे तास किती, रुपये किती, हे विचारलं तर उत्तर आलं की आम्ही खाजगी ट्रस्ट, माहिती अधिकार आम्हाला लागू नाही. वर हातात एक रंगीत पुस्तक दिलं. पाहुण्यांचे फोटो भरपूर, हिशेबाचं पान एक नाही.

हे 'लागू नाही' तपासून घ्या. माहिती अधिकार कायदा २००५, कलम २ (एच). सरकारनं भरीव पैसा दिलेली अशासकीय संस्थाही त्यात येते. डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १७ सप्टेंबर २०१९ ला सांगितलं की भरीव म्हणजे निम्म्याच्या वरच असं नाही, सरकारनं सवलतीत दिलेली जमीनसुद्धा धरता येते. किरकोळ मदत घेणाऱ्या प्रत्येक मंडळाला हे लागू नाही, हेही खरं. पण ज्यांचा सगळा प्रकल्पच सरकारी पैशावर चालतो, त्यांनी खाजगीपणाचा आडोसा घेऊ नये.

काही जण म्हणतील, चांगली माणसं आहेत, कमी पगारात राबतात, त्यांच्या मागं कागद कशाला लावता? अहो, कागद तर ते आत्ताही करतातच. उपयोगिता प्रमाणपत्र, ऑडिट, फोटो, सगळं वरच्या ऑफिसला जातं. वर जाणारा हिशेब गावात का वाचत नाहीत, एवढंच विचारतोय. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडतात, त्यानं गावाची इज्जत वाढलीच. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेला सामाजिक लेखापरीक्षणाचा हक्क कलम १७ नं दिला. तिथं मजुराची हजेरी गावापुढं वाचायची आणि इथं लाखांची कामं बंद फायलीत, हा कुठला न्याय?

कृषी खात्याच्या साहेबांनाही सांगणं आहे. बिल जुळलं म्हणजे काम जुळलं असं नसतं. किती हेक्टरवर उपचार केले हा आकडा खर्चाचा झाला, पाण्याचा नाही. कामाआधी आणि नंतर त्याच विहिरी, त्याच महिन्यात मोजा आणि शेजारी त्या वर्षाचा पाऊस लिहा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय बंधाऱ्याला जातं आणि गाळानं भरलेला बंधारा अहवालात पाणी अडवत राहतो.

माझं मागणं तीनच गोष्टींचं. कामावर रुपये आणि मापं लिहिलेला फलक. मोजमाप पुस्तिकेची प्रत ग्रामपंचायतीत. आणि पुढचा हप्ता सोडण्याआधी ग्रामसभेत हिशेबाचं वाचन.

तोवर आपल्या हातात अर्ज आहे. संस्था देत नसेल तर ज्या ऑफिसनं पैसे दिले तिथं टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. मागताना गोल गोल विचारू नका. प्रकल्प अहवाल, मोजमाप पुस्तिका, बिलांच्या प्रती आणि उपयोगिता प्रमाणपत्र, अशी कागदांची नावं लिहा. कागद आले की टेप घेऊन शिवारात चला. ज्याचं काम खरं आहे, तो टेपचं दुसरं टोक स्वतः धरंल.