ग्रामसभा आणि आपला शब्द

गांवच्या कारभाराविषयीं आमच्या घरोघरीं जितकें बोलणें होतें, तितकें तें ग्रामसभेंत झालें असतें तर पुष्कळ गांवांची अवस्था आज निराळी दिसती. नळास पाणी नाहीं, रस्ता खणून ठेवला आहे, दिवे लागत नाहींत, ही तक्रार माजघरांत, ओटीवर, देवळाच्या पारावर नित्य ऐकूं येते. परंतु जेथें ती केली असतां कोणास तरी तिची दखल घेणें भाग पडतें, तेथें तक्रारदार जात नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, न्यायसभेच्या प्रकरणीं, असा अभिप्राय आहे कीं, सभेंत एक तर जाऊंच नये, आणि गेल्यास यथार्थ तेंच बोलावें. तेथें मौन धरणारा व असत्य बोलणारा हे दोघेही दोषी. आमच्या सुशिक्षित वर्गानें यांतील पूर्वार्ध तेवढा शिरोधार्य मानलेला दिसतो.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची बैठक नव्हे, हा घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. पंचायतीच्या बैठकींत निवडून आलेले सभासद बोलतात. ग्रामसभेचा सभासद मात्र गांवच्या मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक स्त्रीपुरुष असतो. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली व तिनें ग्रामसभेस घटनेंतच स्थान दिलें. आपल्याकडील १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमांत ती त्याच्याही आधींपासून होती. यास्तव तेथें बोलणें ही कोणाची मेहेरबानी नव्हे. अध्यक्षांनीं क्रम दिला म्हणजे झालें. नोकरीनिमित्त शहरीं राहून तेथील यादींत नांव घातलेले चिरंजीव दिवाळीस घरीं येऊन कितीही तावातावानें बोलोत, ते या सभेचे सभासद नव्हेत. उलट त्यांच्या मातोश्री, वहिनी आणि ओटीवर पोथी वाचीत बसलेले आजोबा, हे सर्व सभासद आहेत.

सभेची नोटीस सात दिवस आधीं लागते. एकूण मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल तितकी माणसें हजर असल्यावांचून गणपूर्ति होत नाहीं व सभा तहकूब होते. वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तहकूब सभेस गणपूर्तीचें बंधन नाहीं. म्हणजे पहिल्या दिवशीं नव्वदच माणसें आलीं म्हणून जें अडलें, तें पुढच्या खेपेस पंधरा माणसांत सुखेनैव पार पडतें.

आमच्या माहितीच्या एका गांवीं पाण्याच्या टाकीची जागा अशाच तहकूब सभेंत ठरली. टाकी खालच्या अंगास बांधली गेली आणि वरच्या आळीस पाणी चढेना. वरच्या आळींत शिकलेलीं घरें अधिक. त्यांतील एकही माणूस त्या सभेस नव्हता. मागाहून अर्ज झाले, वर्तमानपत्रांत पत्रें आलीं, तालुक्यास खेटे झाले. उत्तर एकच मिळालें: “ठराव ग्रामसभेचा आहे.” आणि तें खोटें नव्हतें.

टाकी कोठें असावी हें त्या आळींतील कोणत्याही सूनबाईनें सांगितलें असतें. कोणत्या नळावर हंडा किती वेळांत भरतो, हें तिच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी अशी तरतूद कायद्यांतच आहे. तीस आपल्या घरांतून कोण जातें, याची चौकशी वाचकांनीं आजच जेवणाच्या वेळीं करावी. “जा गं, आजचा स्वयंपाक मी बघतें,” एवढे शब्द सासूबाईंच्या मुखांतून निघाले तरी पुष्कळ काम होईल.

आतां बोलण्याची रीत. शिकलेल्या माणसाचा दोष असा कीं, तो प्रस्तावनेंतच सभेची सहनशक्ति संपवितो. आमच्या शिक्षकबंधूंत तर हा विशेषच. एका सभेंत एकच विषय घ्यावा. तो आधीं कागदावर लिहून पंचायतीच्या सचिवाकडे द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोंच घ्यावी. सभेंत उभें राहून नांव सांगावें, मागणी पहिल्याच वाक्यांत सांगावी, कारणें मागाहून. “कारभार बिघडला आहे” या वाक्यास उत्तर देण्याची कोणासच गरज भासत नाहीं. परंतु आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढें मागील सालचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवावी लागते, त्या वेळीं “टिपणींत आक्षेप कोणते आहेत व त्यांची पूर्तता झाली काय?” एवढेंच शांतपणें विचारावें. या एका प्रश्नानें जें साधतें तें अर्ध्या घटकेच्या व्याख्यानानें साधत नाहीं.

याहून महत्त्वाचें इतिवृत्त. टाळ्या कितीही पडोत, वहींत जें उतरलें नाहीं तें बोललेंच गेलें नाहीं असें समजावें. सभा उठण्यापूर्वीं “माझें म्हणणें नोंदवा, आणि ठराव वाचून दाखवा,” असें नम्रपणें परंतु मोठ्यानें सांगावें. कोऱ्या पानाखालीं सही करूं नये, मग वही पुढें करणारा आपला आतेभाऊ कां असेना. ठरावाची नक्कल सरळ मागून न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

शहरांतील वाचक विचारतील, आम्हीं कोठें बोलावें? त्यांची बाजू खरोखरच लंगडी आहे. महानगरपालिकेच्या सामान्य सभेस नागरिकानें बसून ऐकावें. बोलण्याचा अधिकार नगरसेवकांचा. (पूर्वीं त्यांस नगरपिते म्हणत, पित्याचा सेवक झाला, पण बोलणें त्याचेंच राहिलें.) मात्र शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हां १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वयें कोणाही नागरिकास हरकत किंवा सूचना देतां येते, आणि ती देणाऱ्यास नियोजन समितीपुढें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी लागते. हरकत मुदतींत, लेखी, आणि नकाशावरील नेमक्या जागेचा उल्लेख करून द्यावी. सुनावणीचें बोलावणें आलें म्हणजे घरांतील जो त्या रस्त्यानें रोज जातो त्यानेंच जावें. वडीलपणाच्या मानानें जाणारा बहुधा नकाशा उलटा धरतो.