पाच अक्षरे, सहा संधी आणि संकेतांचा बाजार
विशेष प्रतिनिधी

मध्यरात्रीचे बारा वाजले, की जगाच्या त्या-त्या भागात एक नवे शब्दकोडे उघडते. ‘वर्डल’ हे त्याचे नाव. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा, त्यासाठी सहा संधी आणि दिवसाला कोडे एकच. ते स्थानिक वेळेनुसार बदलत असल्याने न्यूझीलंडमधील खेळाडूला खूप आधी मिळते आणि पुण्यातील मामाला न्यू जर्सीतील भाचीच्या साडेनऊ ते साडेदहा तास आधी. साहजिकच अमेरिकेत मध्यरात्र होण्यापूर्वीच आजच्या शब्दाचे संकेत आणि शेवटी उत्तरही सांगणारा मजकूर महाजालावर तयार असतो. अमेरिका आणि ब्रिटनमधील अनेक वृत्तसंस्थळे हा मजकूर दररोज, न चुकता प्रसिद्ध करतात.

एका पाच अक्षरी शब्दासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु या कोड्यांमागे माहितीशास्त्राचे एक भक्कम गणित आहे, वृत्तपत्रव्यवसायाचे अर्थकारण आहे आणि वाचकाने विचार स्वतः करायचा की आयता घ्यायचा, हा जुनाच प्रश्नही आहे.

घरगुती खेळ ते वृत्तपत्राची मालमत्ता

‘वर्डल’चा निर्माता जॉश वॉर्डल हा न्यूयॉर्कमध्ये राहणारा संगणक अभियंता. आपली जोडीदार पलक शाह हिला शब्दखेळांची आवड आहे म्हणून त्याने हा खेळ तयार केला. इंग्रजीतील सुमारे १२ हजार पाच अक्षरी शब्दांमधून सर्वसामान्यांना ठाऊक असलेले अडीच हजारांच्या आसपास शब्द तिनेच निवडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो खेळणारे अवघे ९० जण होते. दोन महिन्यांनी ही संख्या तीन लाखांवर गेली. जाहिरात नाही, नावनोंदणी नाही आणि एक कोडे सुटले की दुसऱ्यासाठी उद्यापर्यंत थांबायचे, हे त्याचे वेगळेपण होते. उत्तर न फोडता केवळ रंगीत चौकोनांतून आपला निकाल मित्रांना दाखवण्याची सोय डिसेंबर २०२१ मध्ये आली आणि खेळ वणव्यासारखा पसरला. जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो सात आकडी डॉलर मोजून विकत घेतला.

येथे इतिहासातील एक गंमत नमूद करायला हवी. याच वृत्तपत्राने १९२४ मध्ये अग्रलेखातून शब्दकोड्यांच्या वेडाची टर उडवली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळोख्या दिवसांत वाचकांना विरंगुळा हवा, असा विचार बळावला आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी त्या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे छापले गेले. आज कोडी हा त्याच्या व्यवसायाचा एक खांब झाला आहे. २०२३ या एका वर्षात ‘वर्डल’ ४८० कोटी वेळा खेळले गेल्याचे या संस्थेनेच जाहीर केले होते.

पहिला शब्द बरोबर येण्यासाठी नसतो

खेळाचा नियम सोपा आहे. आपण एक शब्द लिहायचा. अक्षर योग्य जागी असेल तर चौकोन हिरवा होतो, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा आणि अक्षर नसेलच तर राखाडी. पाच चौकोन आणि तीन रंग यांतून २४३ नमुने होतात. त्यांतील पाच अशक्य आहेत. कारण चार अक्षरे योग्य जागी असताना पाचवे ‘चुकीच्या जागी’ असूच शकत नाही. म्हणजे प्रत्येक प्रयत्नानंतर कोडे आपल्याला २३८ पैकी एक उत्तर देते.

क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ मध्ये मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. एखाद्या उत्तराने आपले अज्ञान किती घटले, हे माहितीचे माप. मूळ खेळातील उत्तरांची यादी २,३१५ शब्दांची होती. प्रत्येक प्रयत्नात ही यादी केवळ निम्मी होत गेली, तर एका शब्दापर्यंत पोहोचायला अकरा-बारा प्रयत्न लागतील. हाती आहेत सहाच. म्हणून पहिला शब्द असा हवा, की जो यादीचे दोन नव्हे, तर शक्य तितके अधिक आणि शक्य तितके लहान तुकडे करील. ‘रेझ’ (आर, ए, आय, एस, ई) या शब्दाने सुरुवात केल्यास २,३१५ शब्दांपैकी सरासरी साठच्या आसपासच शब्द उरतात.

यामागचे कारण अक्षरांच्या वापरात आहे. त्या यादीत ‘ई’ सर्वाधिक वेळा येतो. त्यानंतर ‘ए’, ‘आर’, ‘ओ’, ‘टी’, ‘एल’, ‘आय’, ‘एस’ आणि ‘एन’ यांचा क्रम लागतो. अक्षराइतकीच त्याची जागाही महत्त्वाची. ‘एस’ने सुरू होणारे शब्द सर्वांत जास्त आहेत, तर ‘एस’ने संपणारे अगदी मोजके, कारण साधी अनेकवचने या यादीत घेतलेली नाहीत. उलट ‘ई’ आणि ‘वाय’ यांची खरी जागा शब्दाच्या शेवटी आहे. ‘स्लेट’ आणि ‘क्रेन’ हे शब्द जाणकारांना प्रिय का आहेत, याचा उलगडा यातून होतो.

याउलट अनेकांचा आवडता असलेला ‘अड्यू’ हा शब्द फसवा आहे. त्यात चार स्वर असल्याने तो सोयीचा वाटतो. परंतु स्वर जवळजवळ प्रत्येक शब्दात असतात. एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा होतो तो प्रामुख्याने व्यंजनांमुळे. चार स्वर तपासून हाती माहिती थोडीच लागते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या दोन संशोधकांनी २०२२ मध्ये संगणकाच्या साह्याने या खेळाची संपूर्ण उकल केली. मध्ययुगीन शिरस्त्राणासाठी असलेल्या ‘सॅलेट’ या शब्दाने सुरुवात करून प्रत्येक चाल अचूक केल्यास सरासरी ३.४२१ प्रयत्नांत उत्तर मिळते आणि पाचापेक्षा अधिक प्रयत्न कधीच लागत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. अर्थात, संगणकाला संपूर्ण यादी ठाऊक होती. माणसाला ती ठाऊक नसते आणि नोव्हेंबर २०२२ पासून तर ‘टाइम्स’ने या खेळासाठी स्वतंत्र संपादक नेमून शब्दांची निवड तिच्या हाती दिली. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा तत्त्व समजून घेणे अधिक उपयोगाचे.

सापळा आणि त्यातून सुटका

या तत्त्वाची खरी परीक्षा चौथ्या प्रयत्नाला होते. समजा, शेवटची चार अक्षरे ‘आय-जी-एच-टी’ अशी हिरवी झाली आहेत आणि तीनच संधी उरल्या आहेत. आता उत्तर ‘एट’, ‘फाइट’, ‘लाइट’, ‘माइट’, ‘नाइट’, ‘राइट’, ‘साइट’ आणि ‘टाइट’ या आठांपैकी कोणतेही असू शकते. बहुतेक खेळाडू येथे एकेक शब्द टाकून पाहतात. तसे केल्यास आठांपैकी तीनच शब्द तपासता येतात. म्हणजे हरण्याचीच शक्यता अधिक.

अनुभवी खेळाडू अशा वेळी जाणूनबुजून ‘चुकीचा’ शब्द लिहितो. ‘फ्लेम’ हा शब्द उत्तर असूच शकत नाही. पण त्यात एफ, एल, एम आणि ई ही चारही अक्षरे एकदम तपासली जातात. त्यांतील एकाला रंग आला तर उत्तर निश्चित. चारही राखाडी राहिली तर ‘स्नॉर्ट’ हा शब्द टाकावा. त्यातील एस, एन किंवा आर रंगले तर अनुक्रमे ‘साइट’, ‘नाइट’ किंवा ‘राइट’. एकही न रंगल्यास ‘टाइट’. तिसऱ्या संधीला उत्तर हमखास हाती येते. एक संधी ‘वाया घालवणे’ हाच येथे जिंकण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग आहे. मात्र मिळालेली अक्षरे पुढच्या शब्दात वापरण्याची सक्ती असलेल्या कठीण प्रकारात ही सोय नाही. त्यामुळे तो प्रकार खेळणाऱ्याने अशा शब्दगटांच्या वाटेला सुरुवातीपासूनच जपून जावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एकच अक्षर शब्दात दोनदा येऊ शकते. सर्व अक्षरे जुळली, तरी शब्द बनत नाही, अशी अवस्था झाली की पहिली शंका याचीच घ्यावी.

याच वृत्तपत्राचा ‘कनेक्शन्स’ हा खेळ जून २०२३ मध्ये आला. त्यात १६ शब्दांचे चार-चारांचे चार गट लावायचे असतात आणि चार चुका झाल्या की खेळ संपतो. तेथेही तत्त्व तेच, केवळ रूप वेगळे. चार शब्द जुळलेले दिसताच घाईने गट नोंदवू नये. त्या गटात बसणारा पाचवा शब्द आहे का, हे आधी पाहावे. कोडे रचणारा नेमका तो पाचवा शब्दच आमिष म्हणून ठेवतो. ज्या शब्दाला एकाच गटात जागा आहे, तो शोधून तेथून सुरुवात करावी. अमेरिकेतील दूरचित्रवाणी मालिका, दुकाने आणि खाद्यपदार्थ यांवर आधारित गटांत मात्र भारतीय खेळाडूला संकेताचा आधार घ्यावा लागला, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

संकेत आणि उत्तर यांतील अंतर

संकेतांची विक्री ही काही आजची गोष्ट नव्हे. महाजालाचा प्रसार होण्यापूर्वी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छापील कोड्याखाली एक दूरध्वनी क्रमांक दिलेला असे. मिनिटामागे शुल्क मोजून वाचकाला अडलेल्या शब्दाचे उत्तर त्यावर ऐकता येई. परंतु त्या व्यवहारात एक नैसर्गिक अडसर होता. पैसे मोजावे लागत, म्हणून वाचक आधी डोके खाजवत असे. आज उत्तर फुकट आहे आणि कोड्यापासून बोटाच्या एका स्पर्शाएवढ्या अंतरावर आहे.

या मजकुराची रचनाही पाहण्यासारखी असते. वर चार-दोन संकेत, मध्ये जाहिराती आणि तळाशी ठळक अक्षरांत उत्तर. वाचक शेवटपर्यंत खाली सरकत राहावा, हा त्यातील हिशेब. रोज ठरावीक वेळी लाखो लोक एकच प्रश्न शोधयंत्राला विचारतात. अशी हमखास वाचकसंख्या कोणत्या संपादकाला नको असेल? वार्तांकनाला मनुष्यबळ अपुरे पडत असताना कुणाचे तरी रोजचे काही तास दुसऱ्याच्या कोड्याचे उत्तर लिहिण्यात जातात, ही यातील कटू बाजू आहे.

तथापि, संकेत आणि उत्तर यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे ठरेल. शब्दात स्वर किती, एखादे अक्षर दोनदा आले आहे का, शब्द नाम आहे की क्रियापद, असे संकेत खेळाडूच्या विचाराला दिशा देतात. विचार मात्र त्यालाच करावा लागतो. उत्तर विचारच संपवते. गणिताच्या पुस्तकामागील उत्तरे आधी पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे जे होते, तेच येथे होते. गुण मिळतात, गणित येत नाही. म्हणून मदत घ्यायचीच तर क्रमाने घ्यावी. आधी स्वरांची संख्या, मग पुनरावृत्ती, अगदीच अडल्यास पहिले अक्षर; आणि तेथेच थांबावे.

देवनागरीचा पेच

मराठी वाचकाला शब्दकोडे नवे नाही. आपल्या दैनिकांतील आडव्या-उभ्या शब्दांच्या चौकटींवर पिढ्यांनी पेन्सिली झिजवल्या आहेत. मात्र ‘वर्डल’चा साचा मराठीला जसाच्या तसा बसत नाही आणि त्याचे कारण लिपीत आहे. इंग्रजीत अक्षरे २६. मराठीत चौकोनात बसते ते मात्रेसह पूर्ण अक्षर. ३४ व्यंजनांना बाराखडीने गुणले, तरी चारशेहून अधिक अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. ‘स्त्री’सारखे जोडाक्षरही एकाच चौकोनात मावते. मग ‘पालखी’ हे उत्तर असताना खेळाडूने ‘पुलाव’ लिहिला, तर ‘प’ जागेवर आहे पण काना नाही, याला कोणता रंग द्यायचा? मराठी कोडे रचणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते.

व्यूहरचनेचे तत्त्व मात्र लिपी बदलल्याने बदलत नाही. तीन चौकोनांच्या कोड्यात शेवटी ‘रणे’ जुळले की करणे, धरणे, भरणे, सरणे, मरणे, चरणे अशी रांग उभी राहते. हा आपला अस्सल मराठी सापळा. येथेही एकेक शब्द टाकत बसण्याऐवजी ‘कमळ’ लिहून ‘क’ आणि ‘म’ एका फटक्यात तपासणारा खेळाडूच पुढे जाईल.

चूक होऊ न देणे म्हणजे हुशारी, असे आपल्याकडे शाळेपासून शिकवले जाते. हे छोटेसे कोडे त्याच्या नेमके उलट शिकवते. योग्य वेळी, योग्य प्रश्नासाठी केलेली चूक हाच उत्तराकडे जाणारा जवळचा रस्ता असतो. उत्तर सांगणारे पान उघडणाऱ्याला आजचा शब्द मिळेल. पण हा रस्ता त्याला उद्याही सापडणार नाही आणि उद्या मध्यरात्री नवे कोडे उघडेल तेव्हा तो पुन्हा त्याच पानाच्या दाराशी उभा असेल.