तीनशे रुपयांतला सुपरहिरो

या आठवड्यात कोणतं कॉमिक घ्यायचं, हा प्रश्न आमच्या घरात दर शुक्रवारी रात्री निघतो. रक्कम ठरलेली आहे, तीनशे रुपये. मतदार तीन: आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि मी. रामटेकात वह्या, गाईडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं हवी तेवढी मिळतात, नवी सुपरहिरो कॉमिक्स मिळत नाहीत. मग रविवारी नागपूरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती यादी द्यायची, नाहीतर ऑनलाइन मागवायचं. अमेरिकेतल्या वाचकांचं बरं असतं. तिथे नवी कॉमिक्स बुधवारी दुकानात येतात आणि दुकानदार तुमच्या नावाचा गठ्ठा बाजूला काढून ठेवतो. पण तिथल्या एका पातळ अंकाची किंमत आज चार-पाच डॉलर आहे. म्हणजे आमचा आठवड्याचा सगळा हिशेब एका अंकात संपतो. म्हणून निवड करावीच लागते, आणि निवड करायची म्हटलं की कशाच्या आधारावर, हे ठरवावं लागतं.

आमच्या ओळखीतले काही बुजुर्ग म्हणतात की चित्रांच्या पुस्तकांवर पैसे घालणं म्हणजे इसराफ. मला त्यांचं म्हणणं हसण्यावारी न्यावंसं वाटत नाही. घामाचा पैसा विचार न करता उडवणं ही उधळपट्टीच आहे. पण विचार करून घेतलेलं पुस्तक उधळपट्टीत कसं मोजायचं? मुलं मोबाइलवर तासन्‌तास जे बघतात, त्याची निवड कुणी करत नाही. इथे निदान तीन माणसं बसून वाद घालतात.

दुसरा सल्ला माझ्या पिढीतल्या मित्रांचा. ते म्हणतात, मुलांना आपला हिरो द्या, मुसलमान हिरो द्या. हा सल्ला जास्त गोड आहे, म्हणून तो जास्त तपासायला हवा.

कुवेतच्या नायफ अल-मुतवा यांनी 2006 साली ‘द नाइन्टीनाइन’ ही मालिका काढली. अल्लाहच्या 99 नावांतल्या गुणांवरून सुचलेले, वेगवेगळ्या देशांतले तरुण नायक. हेतू नेक होता. तरी एकीकडे धर्माच्या नावाने तिला विरोध झाला आणि दुसरीकडे अमेरिकेत हा इस्लामचा छुपा प्रचार आहे अशी ओरड झाली. माझी अडचण वेगळीच आहे. त्यातलं प्रत्येक पात्र आधी गुणाची पाटी घेऊन येतं आणि माणूस म्हणून नंतर भेटतं. मुलं पाटी लगेच ओळखतात आणि पुस्तक बाजूला ठेवतात.

याच्या उलट कमला खान. मार्व्हलची ही ‘मिस मार्व्हल’ 2014 पासून स्वतःच्या मालिकेत आली. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. 2015 साली तिच्या पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. जर्सी सिटीतली ही पाकिस्तानी घरातली मुलगी. तिला ताकद मिळते तेव्हा ती आधी सोनेरी केसांच्या गोऱ्या नायिकेचं रूप घेते, कारण हिरो म्हणजे तेच असं तिला वाटत असतं. मग हळूहळू ती स्वतःच्या चेहऱ्याकडे परत येते आणि बुर्किनीतून आपला पोशाख तयार करते. आईवडील तिला समजवायला मशिदीतल्या शेखांकडे पाठवतात. आता ते रागावतील असं वाटतं, पण ते तिला धीर आणि सचोटीने वागायला सांगतात, एक चांगला उस्ताद शोध म्हणतात. मुलीने हे पान दोनदा वाचलं. दाढीवाला माणूस समंजस आहे, एवढी साधी गोष्ट तिला छापील चित्रात पहिल्यांदा दिसत होती.

कमला आवडते ती मुसलमान आहे म्हणून नव्हे. तिचं घर खरं आहे, म्हणून आवडते.

आता ‘आपला हिरो’ या शब्दाकडे जरा वेगळ्या बाजूने बघू. 1938 साली सुपरमॅन जन्माला घातला जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी. दोघेही स्थलांतरित ज्यू घरातली मुलं. त्यांनी नायकाला ज्यू नाव दिलं नाही. दूरच्या ग्रहावरून आलेला, नाव बदलून सगळ्यांत मिसळून राहणारा माणूस केला आणि तो साऱ्या जगाचा झाला. आपल्याकडेही असंच घडलंय, पण किती जणांना ठाऊक आहे? टाइम्स समूहाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ 1964 ला सुरू झाली आणि 1990 ला बंद पडली. मराठीतही ती निघायची. वेताळ आणि मँड्रेक हे सगळं परदेशी. त्यात 1976 साली एक देशी नायक आला, बहादूर. त्याचे जनक आबिद सुरती, गुजरातीत आणि हिंदीत लिहिणारे, मुंबईच्या डोंगरीत वाढलेले लेखक-चित्रकार. बहादूर जीन्सवर केशरी कुर्ता घालायचा. केशरी कुर्त्यातला नायक एका आबिदने घडवला, यावर तेव्हा कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आज मला याच गोष्टीचं जास्त अप्रूप वाटतं. पानावरच्या पात्राचं नाव आपलं असणं ही एक हिस्सेदारी झाली. पान लिहिणारा हात आपला असणं ही दुसरी, आणि ती मला मोठी वाटते.

बहादूरची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो डाकूचा मुलगा. बाप पोलिसाच्या गोळीने मेलेला. सूड हाच त्याचा रस्ता असायला हवा होता. पण ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप गेला, तोच त्याला वाढवतो आणि बहादूर पुढे साध्या नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो.

याच्या शेजारी राज कॉमिक्सचा डोगा ठेवा. आमच्या मुलाचं दर आठवड्याचं मत डोगालाच असतं. कचऱ्यात सापडलेलं मूल, एका डाकूने क्रूरपणे वाढवलेलं. मोठा होऊन तो कुत्र्याचा मुखवटा चढवतो आणि मुंबईच्या गुन्हेगारांना जागच्या जागी संपवतो. चित्रं जोरदार आहेत, त्याला तालीम देणारे अदरक चाचा तर मलाही आवडतात. पण आरोप करणारा, निकाल देणारा आणि शिक्षा करणारा एकच माणूस, हे सूत्र मला घरात दर आठवड्याला नको आहे.

तुम्ही म्हणाल, गोष्टीच तर आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यावं लागतं. मार्च 2025 मध्ये नागपुरात दंगल झाली आणि आठवडाभरात एका आरोपीचं घर पाडलं गेलं. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाडापाडीच्या कारवाईला स्थगिती दिली. आरोप आहे म्हणून घर पाडता येणार नाही, हे त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं. दंगल करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ती कोर्टाने द्यायची. झटपट न्यायाच्या टाळ्या कॉमिकच्या पानावर वाजवायची सवय लागली, की त्या रस्त्यावरही सहज वाजतात. आणि रस्त्यावर कुणाला उभं केलं जाईल, हे आपल्या हातात नसतं. ही भीती फक्त मुसलमानाची नाही. ज्याच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत, त्या प्रत्येकाची आहे.

म्हणून माझं मत बहुतेक वेळा सुपर कमांडो ध्रुवला जातं. 1987 साली अनुपम सिन्हांनी घडवलेला हा सर्कशीत वाढलेला पोरगा. त्याच्याकडे दैवी ताकद नाही. शाळेतलं विज्ञान, चपळाई आणि डोकं, एवढ्यावर तो लढतो आणि जीव घ्यायचा नाही हा नियम पाळतो. त्याचं कॉमिक वाचून मुलगा चुंबक आणि तांब्याच्या तारेशी खेळत बसतो, हा माझा वरचा फायदा.

आमच्या बैठकीत आता चार प्रश्न विचारले जातात. खलनायक कपड्यांवरून ओळखू येतो की कामावरून? मागे उभी असलेली गर्दी कशी रंगवली आहे, तिच्यात आपल्यासारखे आणि आपल्यापेक्षा वेगळे चेहरे आहेत का? हिरो हात कुठे आवरतो? आणि शेवटी, हे परत वाचावंसं वाटेल का? चारही उत्तरं मनासारखी येणारं कॉमिक क्वचितच सापडतं. तीन आली तरी आम्ही घेतो. डोगा महिन्यातून एकदा येतो आणि त्याच्यावर भांडण करायची मुभा असते.

एक खंत मात्र तीनशे रुपयांत मिटत नाही. हिंदी मुलांना येतं, इंग्रजी येऊ लागलंय, पण ती शाळेत आणि दोस्तांशी मराठीत बोलतात, आणि त्या भाषेत नवा सुपरहिरो दुकानात दिसत नाही. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, हे मराठी मुलांनी डोक्यावर घेतलेले नायक. ते चित्रांतून नव्हे, शब्दांतून आले. आज खिंडसीच्या काठावर, इतवारी-रामटेक पॅसेंजरमध्ये किंवा कामठीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात घडणारी एखादी चित्रकथा का असू नये? तिचा नायक सलीम असेल की संजय, हा नंतरचा प्रश्न.

तोवर आम्ही एक बदल केलाय. महिन्यातल्या चौथ्या आठवड्याचे तीनशे रुपये कॉमिक्सवर खर्च होत नाहीत. त्यातून ड्रॉइंगचे कागद आणि काळ्या शाईची पेनं येतात. त्या आठवड्याची कॉमिक्स घरातच निघतात. मुलीच्या नव्या गोष्टीत हिरोला अजून नाव नाही, पण ती मराठीत बोलते आणि निकाल कोर्टावर सोडते.