दोन रंगांची गोळी

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एक आजी सुनेसोबत अमरावतीला तपासणीसाठी आल्या होत्या. उन्हाळ्यात रक्तदाब सहसा थोडा उतरतो. आजींचा मात्र चढलेला. गोळी एकही दिवस चुकली नव्हती. मात्रा वाढवण्यासाठी मी लेखणी उचलली, तेवढ्यात सुनेने पिशवीतून प्लास्टिकची पारदर्शक डबी काढली. सोय म्हणून महिन्याभराच्या गोळ्या स्ट्रिपमधून सोडवून त्यात भरल्या होत्या. डबीची जागा कूलरसमोरच्या कोनाड्यात!

ही गोळी आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. तिच्या एका थरात टेल्मिसार्टन, दुसऱ्यात अ‍ॅम्लोडिपिन. दोन रंग शोभेसाठी नव्हेत. टेल्मिसार्टन सहजी विरघळत नाही, म्हणून त्यात अल्कधर्मी पदार्थ घालतात. तो थर हवेतला ओलावा ओढतो आणि अ‍ॅम्लोडिपिनला मानवत नाही. अ‍ॅम्लोडिपिनला उजेडही सोसत नाही. म्हणून एका घरात दोन चुली.

अशी गोळी किती टिकेल, हे अंदाजाने ठरत नाही. नमुने ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात, शिवाय नेहमीच्या हवामानात दीर्घकाळ. आणि ठरावीक अंतराने त्यांतले औषध मोजतात. मोजण्याचे एक साधन म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. औषधाच्या द्रावणातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा. औषध जितके जास्त, तितका प्रकाश अधिक शोषला जातो. दोन औषधे एकत्र असली की दोन तरंगलांबींवर मोजमाप घेऊन, शाळेत सोडवलेल्या एकसामयिक समीकरणांप्रमाणे, दोघांचे प्रमाण वेगळे काढता येते. औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी हे प्रयोगशाळेत शिकतात. यात एक मेख आहे. बिघडलेल्या औषधाचे अवशेषही प्रकाश शोषू शकतात आणि यंत्राला ते औषधच वाटते. म्हणून टिकाऊपणाच्या चाचणीत घटक आधी वेगळे करणारी एचपीएलसी पद्धतही वापरतात.

आपल्या कामाची गोष्ट अशी, की मुदतीची तारीख बंद स्ट्रिपमधल्या गोळीवरून ठरलेली असते. उघड्या गोळीला ती लागू नाही. त्यात आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कूलरची हवा थंड असली तरी ओली असते.

आजींची मात्रा मी वाढवली नाही. तीच गोळी नव्या स्ट्रिपमधून रोज काढून घ्यायला सांगितली. तीन आठवड्यांनी रक्तदाब आटोक्यात होता. जुन्या गोळ्या मी प्रयोगशाळेत तपासून घेतल्या नव्हत्या, त्यामुळे दोष ओलाव्याचाच, असे छातीठोकपणे म्हणणार नाही.

डबी हवीच असेल, तर स्ट्रिप कात्रीने कापून गोळ्या आवरणासकट तिच्यात ठेवा, आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत जपा. डबी कूलर, शेगडी आणि खिडकीपासून दूर, कोरड्या कपाटात असू द्या. गोळीचा रंग बदलला, ती चिकट किंवा भुसभुशीत झाली, तर ती घेऊ नका. मात्र औषध बंदही करू नका, त्याच दिवशी नवी स्ट्रिप आणा.