ध्यान शिकवा, पण आधी ऐकून घ्या : वऱ्हाडातील मानसिक आरोग्य आणि आपले स्वयंसेवक

मानसिक आरोग्यासाठी सजगतेचा सराव, हा विषय आता अमरावती आणि अकोल्यातही पोहोचला आहे. या कामात आपले अनेक तरुण-तरुणी स्वयंसेवक म्हणून उतरू पाहतात. ज्याला जग आज 'माइंडफुलनेस' म्हणते, ती मुळात बुद्धांची सम्यक स्मृती. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी ती रुग्णालयात नेली, तेव्हा तिला धम्मापासून वेगळे करून तणावमुक्तीचे तंत्र बनवले. तेच तंत्र आता आपल्याकडे परत येत असताना आपण ते जसेच्या तसे घ्यायचे का?

वऱ्हाडातले दुःख केवळ मनात जन्मलेले नाही. कापूस-सोयाबीनचा पडलेला भाव, सावकाराचे देणे, भरतीची वाट पाहण्यात गेलेली वर्षे आणि जातीचा अपमान ही त्याची कारणे आहेत. शेतमजुराच्या नावावर तर सातबाराही नसतो, त्यामुळे त्याचे मरण शेतकरी आत्महत्येच्या नोंदीतही येत नाही. अशा माणसाला 'श्वासावर लक्ष दे' एवढेच सांगणे म्हणजे दोष त्याच्याच पदरात टाकणे होय.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहणे हे मानले नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद त्यांनी पुढे ठेवला. दुःखाला सामाजिक मुळे असतात, हा त्याचा अर्थ. मात्र म्हणून मनाकडे दुर्लक्ष करा, असे बाबासाहेब म्हणत नाहीत. त्यांच्या मांडणीत मनाचे संस्करण हा धम्माचा गाभाच आहे. 'मोर्चा की ध्यान' हा आपल्याकडचा वाद म्हणूनच खोटा आहे.

मग नेमके काय उपयोगी पडते? याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातच मिळालेले आहे. येथील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन उदासीनतेने ग्रासलेल्या माणसांपर्यंत पोहोचवले, समुपदेशन दिले आणि गरजेनुसार डॉक्टरांशी जोडले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त त्याचे निष्कर्ष आले. उदासीनतेच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर उतरले. फरक पडला तो घरापर्यंत जाऊन बोलणाऱ्या, ऐकणाऱ्या माणसामुळे. शासनाचा 'प्रेरणा' प्रकल्पही २०१५ पासून अमरावती, अकोल्यासह १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींवरच उभा राहिला.

यातून आपल्या स्वयंसेवकांसाठी तीन गोष्टी निघतात.

पहिली, ध्यान हे औषधाला पर्याय नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठीही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना न येण्याचा सल्ला दिला जातो. म्हणून सुरू असलेल्या गोळ्या बंद करायला कुणालाही सांगू नये. मरणाची भाषा करणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये. त्याला जिल्हा रुग्णालयात न्यावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलायला लावावे.

दुसरी, ऐकलेले पोटात ठेवावे. आपल्या वस्त्यांत सगळेच एकमेकांना ओळखतात. एखाद्या मुलीने विहारात सांगितलेली गोष्ट संध्याकाळी पारावर पोहोचली, तर ती पुन्हा कुणाशीच बोलणार नाही.

तिसरी, दुःखाचे कारण अन्यायात असेल तर तिथे थांबू नये. वसतिगृहात जातीवरून छळ होत असेल तर आनापानाबरोबर लेखी तक्रारही व्हावी. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्यानंतर तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

आपल्याकडे गावोगावी विहार आहेत, वर्षावासात लोक रोज जमतात, महिला मंडळे आहेत. कोणत्याही संस्थेला एवढे जाळे विकत घेता येणार नाही. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने आठवड्यातला एक दिवस ठरवावा : अर्धा तास आनापान, मग ज्याला बोलायचे आहे त्याच्यासाठी निवांत वेळ, आणि भिंतीवर १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत. ऐकणारे दोघे-तिघे तरुण आधी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊन नीट शिकून आलेले असावेत. यासाठी निधी लागत नाही. बहुजन हिताय हे ब्रीद आपण रोज उच्चारतो. त्याची सुरुवात शेजारच्या घरातल्या गप्प झालेल्या माणसापासून करूया.

जयभीम! नमो बुद्धाय!