हृदय थकते, ते कोणाचे?

‘हार्टफेल झाले’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात गावोगावी रुळलेला आहे. चालताबोलता माणूस कोसळला आणि गेला, की शेजारीपाजारी त्याचे कारण या दोन शब्दांत सांगून मोकळे होतात. वैद्यकशास्त्र मात्र या नावाने निराळ्याच व्याधीची ओळख देते. हृदयाचा रक्तपुरवठा एकाएकी तुंबला की येतो तो झटका; धडधड अकस्मात थांबते तो हृदयस्तंभ. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची अक्षमता, हे या दोहोंहून वेगळे प्रकरण आहे. तीत हृदय थांबत नाही, थकते. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याचे सामर्थ्य त्याच्यात उरत नाही. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पावले सुजतात, रात्री सपाट निजवत नाही, उशाशी एकावर एक उशा रचाव्या लागतात. अशी व्याधी बहुधा एका रात्रीत येत नाही. ती वर्षानुवर्षे साचत जाते. आणि जे साचत जाते ते कोठे व कशामुळे साचले, याचा जाब विचारता येतो.

हृदय थकण्याची कारणे आज पुरेशी ज्ञात आहेत. पहिला मान वाढलेल्या रक्तदाबाचा. चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाची डावी जवनिका जाड होते, पुढे ती ताठरते किंवा ताणली जाऊन सैल पडते. दुसरे कारण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांचा विकार. झटका येऊन गेल्यावर मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो. तो आकुंचन पावत नाही, आणि त्याचा भार उरलेल्या स्नायूवर पडतो. त्यापुढे मधुमेह, स्थूलता, मूत्रपिंडाचा विकार, तंबाखू, अतिरिक्त मद्य, झोपेत श्वास अडखळणे, वाढते वय आणि घराण्याचा वारसा यांची रांग लागते. बालपणी घशाच्या संसर्गामागून येणारा ऱ्हुमॅटिक ताप हृदयाच्या झडपा बिघडवितो; दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळालेले पेनिसिलिन यांच्याशी त्याचे नाते जुने आहे.

या देशात ही व्याधी माणसाला लवकर गाठते. २०१९-२० मध्ये देशभरातील ५३ रुग्णालयांत दाखल झालेल्या १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंद करण्यात आली. त्यांचे सरासरी वय साठच्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांतील रुग्ण साधारणतः दहा वर्षांनी अधिक वयाचे असतात. यांतील सुमारे ७२ टक्के रुग्णांच्या दुखण्याच्या मुळाशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता, आणि दर शंभरांतील चौदा रुग्ण नव्वद दिवसांच्या आत दगावले. साठ ही सरासरी आहे, म्हणजे पन्नाशीतले आणि चाळिशीतलेही यांत आले. ज्या वयात घरातला मिळवता हात अजून कामावर असतो, त्याच वयात तो खाटेला खिळतो.

आता वैद्यकशास्त्राने काढलेला निष्कर्ष पाहावा. मीठ कमी खावे, रोज चालावे, सात तास झोपावे, तंबाखू सोडावी, चिंता करू नये, रक्तदाब नियमित तपासावा. यांतला एकही शब्द खोटा नाही. परंतु हा उपदेश न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर ट्रेलरच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या चालकाला ऐकवून पाहावा. त्याने चालावे कोठे? गाडी सोडली तर रांगेतला क्रम जातो. झोपावे केव्हा? फेऱ्यांवर मिळकत असेल, तर झोपेचा प्रत्येक तास मिळकतीतून कापला जातो. खावे काय? रस्त्याकडेच्या धाब्यावर असेल ते. जोखमींची यादी माणसाच्या सवयींवर बोट ठेवते. त्या सवयी घडविणारी कामाची व्यवस्था मात्र यादीबाहेर राहते. ही व्यवस्थाच यादीच्या अग्रभागी असावयास हवी.

या किनाऱ्याचा इतिहास ध्यानी घेतल्यावाचून हे नीट उमगणार नाही. बंदर येण्यापूर्वी उरण-पनवेलचा हा पट्टा भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगत होता. आगरी समाजाच्या नावातच मिठाचे आगर आहे. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व त्या रक्ताने मिळाले आहे. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदराचे उद्घाटन झाले. शेव्याच्या कोळ्यांना आपला कोळीवाडा सोडून अन्यत्र वसावे लागले. खाडीवरील हक्क बुडाल्याची त्यांची तक्रार हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचली, आणि २०१५ मध्ये चार कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

जमिनीचा हिशेब झाला, मासळीचा झाला; देहाचा हिशेब मात्र कोणत्याही पंचनाम्यात आला नाही. लावणी, मळणी, मिठाची ओढणी, जाळे टाकणे आणि ओढणे यांतून दिवसभर हलणारा देह एका पिढीत यंत्राच्या आसनावर, वखारीच्या फाटकावर किंवा पहारेकऱ्याच्या खुर्चीवर येऊन बसला. ज्यांना काम मिळाले नाही ते घरीच बसले. त्या बसण्याची किंमत कोणी मोजली?

जगात ती मोजली गेली आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी, आणि जडला तरी सौम्य, असे दिसले. राल्फ पॅफेनबार्गर आणि त्यांचे सहकारी तर थेट गोदीतच गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ६,३५१ गोदी कामगारांवर त्यांनी १९५१ पासून २२ वर्षे लक्ष ठेवले. अवजड काम करणाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण हलके काम करणाऱ्यांच्या निम्म्याहून थोडेच अधिक होते. याच काळात गोदीत पोलादी पेटी, म्हणजे कंटेनर, येत होती आणि पाठीवरचे ओझे यारीवर जात होते. न्हावा-शेवा तर जन्मापासूनच यांत्रिक बंदर. २०२४-२५ मध्ये वीस फुटी पेट्यांच्या मापाने सत्तर लाखांहून अधिक पेट्या या बंदरातून हलल्या.

याचा अर्थ पाठीवर गोणी वाहण्याचे दिवस परत यावेत असा मुळीच नव्हे. त्या ओझ्याखाली किती पाठी मोडल्या, हे मुंबईच्या गोदी कामगारांना आणि माथाडींना कोणी सांगावयास नको. शिवाय अलीकडच्या संशोधनाने, विशेषतः २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या पाहणीने, एक महत्त्वाचा भेद पुढे आणला आहे: फावल्या वेळातील व्यायाम हृदयाला तारतो, परंतु विश्रांतीवाचून केलेली जड अंगमेहनत त्याला मारक ठरू शकते. श्रमाला विश्रांतीची, अन्नाची आणि झोपेची जोड हवी. यंत्राने ओझे उतरविले ते चांगलेच झाले. त्यामुळे वाचलेला वेळ मात्र कामगाराच्या वाट्याला आला नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अंदाज या संदर्भात वाचण्याजोगा आहे. आठवड्यास ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्युमुखी पडली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा माणसाला हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. बारा तासांच्या पाळीचे सहा दिवस म्हणजे ७२ तास. रखवालदार, वखारीतील कंत्राटी मजूर आणि ट्रेलरचालक यांना हे गणित कागदावर मांडून दाखविण्याची गरज नाही.

लांबलेल्या पाळीतूनच पुढच्या जोखमी उगवतात. झोप उडविण्यासाठी तंबाखू मळली जाते. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते, त्यांपैकी बहुसंख्य धुराविना; आणि घरातील मशेरीच्या डबीला तर व्यसन म्हणण्याचीही अनेकांची तयारी नसते. पाठ दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्या शरीरात मीठ व पाणी साठवून ठेवतात, रक्तदाब वाढवितात आणि दुबळ्या हृदयाला अक्षमतेकडे ढकलतात. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम सांगितली जाते. लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेली मासळी यांवर भागविलेल्या जेवणात ती केव्हाच ओलांडली जाते.

त्यात हवेची भर पडते. ३५ पाहण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात असे आढळले, की हवेतील सूक्ष्म धूलिकण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर हृदय अक्षमतेमुळे रुग्णालयात दाखल होणे वा मृत्यू पावणे सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. या कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने ५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. भारताने २००९ मध्ये ठरविलेले मानक ४० आहे. रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या डिझेल गाड्यांमध्ये बसलेल्या माणसाच्या नाकाशी किती कण असतात, हे या सरासरीत दिसत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. तंबाखू मालकाने तोंडात कोंबलेली नाही. दारू सुटत नाही ती माणसाच्या दुबळेपणाने. या आक्षेपात सत्याचा अंश आहे, आणि कामगार चळवळीने तो नाकारू नये. व्यसनाविरुद्ध बोलणे हे संघटनेचेही कर्तव्य आहे. पण केवळ सवयींनी सारे उलगडत नाही, याचा पुरावा १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी नोकरांत सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीने दिला. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही बरीच मोठी तफावत शिल्लक राहिली. म्हणजे शिडीवरील पायरी हीच स्वतंत्र जोखीम ठरली. ज्याच्या हाती स्वतःच्या वेळेची सूत्रे नाहीत, त्याचे हृदय अधिक झिजते.

मग करावयाचे काय? वाढलेला रक्तदाब बहुधा बोलत नाही. तो मोजावा लागतो, आणि मोजण्यास दोन मिनिटे पुरतात. त्यावरील अम्लोडिपिनसारखे औषध अत्यल्प किमतीचे आहे. सरकारी दवाखान्यांतून साधी औषधयोजना, मोफत गोळ्या आणि रुग्णाची सलग नोंद या त्रिसूत्रीवर उच्च रक्तदाब नियंत्रणाचे काम २०१७ पासून देशात सुरू झाले. आरंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. हीच त्रिसूत्री बंदराच्या फाटकांवर, वाहनतळांवर आणि पुनर्वसित गावांतून पोहोचविणे अशक्य नाही. बंदरात येणाऱ्या प्रत्येक पेटीचा क्रमांक, वजन आणि ठावठिकाणा यंत्रणेला ठाऊक असतो. पेटी ओढून आणणाऱ्या माणसाचा रक्तदाब कोणाच्याच वहीत नसावा, हे कोणत्या नियोजनात बसते?

तासांचा प्रश्न याहून कठीण आहे. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ मध्येच चालकांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. रस्त्याने ती कधीच मानली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी हा कायदा आपल्यात सामावून घेतला आणि ठराविक वयावरील कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्यतपासणीची तरतूद केली. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ज्याचा कंत्राटदार दर वर्षी बदलतो त्याची तपासणी कोणी करावयाची, आणि गेल्या वर्षीचा आकडा यंदा कोणी पाहावयाचा? कंत्राटी कामगाराच्या तपासणीचे दायित्व मुख्य मालकावर, म्हणजे बंदर प्राधिकरण आणि टर्मिनलचालक यांच्यावर, स्पष्टपणे टाकले पाहिजे. तपासणीत दोष निघाला म्हणून कामावरून काढणार नाही, ही हमीही तेवढीच आवश्यक आहे. तीवाचून कोणताही मजूर दंड पुढे करणार नाही. चालकांसाठी रांगेतला क्रम न जाता झोपता येईल अशी विश्रांतिगृहे हवीत, आणि बंदर परिसरातील हवेची मोजमापे गावकऱ्यांना वाचता येतील अशा फलकावर रोज लागली पाहिजेत.

या मागण्या वेतनाच्या मागणीमागे शेपटासारख्या जोडण्याच्या नाहीत. पगारवाढीच्या कराराइतक्याच ठामपणे त्या करारपत्रात आल्या पाहिजेत, कारण साठीपूर्वी थकलेल्या हृदयाला कोणतीही थकबाकी भरून देता येत नाही. १९८४ मध्ये या किनाऱ्याने जमिनीचा भाव ठरविण्याचा अधिकार मागितला. आता त्याने आपल्या श्वासाचा, झोपेचा आणि रक्तदाबाचा हिशेब मागावा. तो मागणे हाही हक्काचाच लढा आहे.